घराचे मोल : जबलपूरच्या इतिहासातून

घर बांधणे आणि लग्न करणे या दोन गोष्टी माणसाची परीक्षा पाहतात, असे सांगणारी म्हण मराठीत आहे. ‘घर पाहावे विकत घेऊन’ अशी म्हण मात्र नाही. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. पूर्वी घर बांधले जाई, वारशाने येई, वाटणीत तुटे, कर्जापायी गहाण पडे. चार ठिकाणी भाव विचारून, तुलना करून ते विकत घेण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात क्वचितच येत असे.

धान्याला तराजू असतो, कापडाला गज असतो, सोन्याला कसोटी असते. घराला असे माप नाही. एकाच गल्लीतील, एकाच गवंड्याने उभारलेली दोन घरेही सर्वस्वी सारखी नसतात. एकीचे तोंड पूर्वेला, दुसरीच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, तिसरीत तीस वर्षांचा भाडेकरू! म्हणून घराची किंमत ही अखेर दोन माणसांच्या बोलण्यातून ठरते. एक सांगतो, दुसरा मागतो, आणि दोहोंच्या मध्ये कोठेतरी सौदा बसतो. हे बोलणे सरळ व्हावे, दुबळ्याची त्यात फसगत होऊ नये, यासाठी समाजाने आणि सरकारने वेळोवेळी जे नियम केले, त्यांचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. तो पाहण्यास जबलपूरसारखे दुसरे सोयीचे शहर सापडणे कठीण. कारण गावठाणाची जागा, नझुलाची जागा आणि लष्करी छावणीची जागा असे जमिनीचे तीन प्रकार या एकाच शहरात एकमेकांना लागून आहेत, आणि प्रत्येकीवरील घराचे मोल निराळ्या रीतीने ठरत आले आहे.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आले, आणि १७९८ साली नर्मदेचे खोरे पेशव्यांनी नागपूरकर भोसल्यांना दिले. १८१७ च्या अखेरीस इंग्रजी फौज जबलपुरात शिरली, तेथवर मराठी अंमलाची ही सुमारे छत्तीस वर्षे होतात. कारकून, शिलेदार, पुराणिक, व्यापारी अशी मराठी कुटुंबे या काळात नर्मदाकाठी आली, आणि येताना आपली कागदपत्रांची रीतही घेऊन आली. खरेदीखतात घराच्या चारी बाजूंच्या सीमा सांगायच्या, विहिरीतील वाटा आणि परसातील झाडे नमूद करायची, किंमत भरून पावल्याचे लिहायचे आणि खाली साक्षीदार घालायचे, अशी ही रीत होती. साक्षीला शेजारी असणे विशेष महत्त्वाचे. ज्याच्या भिंतीला भिंत लागून आहे, त्याने सही केली म्हणजे सीमेचा तंटा पुढे उपस्थित होण्याचा संभव कमी.

या जुन्या व्यवहारात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोल मुख्यतः इमल्याचे असे, जागेचे नव्हे. सागवानी तुळया, दगडी चौथरा, कौले, दरवाजे यांची किंमत धरायची. खालची जमीन ही राहणाऱ्याच्या हक्काची, पण स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हे, अशी समजूत खेड्यापाड्यांतून दृढ होती. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत आली, तेव्हा गावठाणाचा मालक मालगुजार ठरला. गावच्या शेतकऱ्याला घरापुरती जागा मिळे. पण घर विकून जाताना तो बहुधा इमलाच विकू शके. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि ही अडचण दूर झाली.

जागा आणि इमला यांची ही फारकत अधिक कठोर रूपात दिसते ती जबलपूरच्या छावणीत. इंग्रजांनी शहर घेतल्यावर तेथे फौजेचे ठाणे वसले. अधिकाऱ्यांना राहण्यास बंगले हवे होते, आणि ते बांधण्याचा खर्च करण्याची सरकारची इच्छा नव्हती. मग अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने बंगले बांधावेत आणि जमीन सरकारची राहावी, असा मार्ग निघाला. १२ सप्टेंबर १८३६ रोजी निघालेल्या गव्हर्नर जनरलच्या १७९ क्रमांकाच्या हुकुमाने बंगाल फौजेच्या छावण्यांपुरता हा मार्ग नियमबद्ध केला. सागर आणि नर्मदा प्रदेशातील छावण्याही त्याच फौजेच्या असल्यामुळे हा हुकूम त्यांना लागू होता.

त्या हुकुमातील अटी आज वाचल्या तरी विचार करायला लावतात. जमीन कोणत्याही परिस्थितीत सरकारच्या मालकीची राहील. ती विकता येणार नाही. एक महिन्याची सूचना देऊन आणि परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत चुकती करून सरकार जागा केव्हाही परत घेऊ शकेल. एका लष्करी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याने दुसऱ्याला बंगला देण्यास प्रतिबंध नाही. परंतु फौजेबाहेरच्या माणसाला द्यावयाचा, तर ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी संमती पाहिजे. एतद्देशीय माणसाला द्यावयाचा असेल आणि मालमत्ता ५,००० रुपयांहून अधिक किमतीची असेल, तर सरसेनापतींमार्फत थेट सरकारची मंजुरी घेतली पाहिजे.

याच हुकुमात किमतीविषयी एक मार्मिक तरतूद आहे. एका पलटणीची बदली होऊन तिच्या जागी दुसरी येते, अशा वेळी गरज पडल्यास बंगल्याच्या विक्रीच्या अटी लवादाने ठरवाव्यात, असे त्यात म्हटले आहे. याचे कारण उघड आहे. पलटण हलली की सारे अधिकारी एकाच आठवड्यात विक्रेते होतात. येणारे तेवढेच गिऱ्हाईक. येणारा थांबू शकतो. जाणारा थांबू शकत नाही. अशा वेळी मोकळी घासाघीस होऊ दिली, तर बंगला कवडीमोलाने जाईल. उलट येणाऱ्यांना पावसाळ्यापूर्वी छप्पर हवे असेल, तर जाणारे वाटेल तो भाव सांगतील. ज्या बाजारात एक पक्ष अगतिक आहे, तेथे ठरलेली किंमत ही वस्तूची किंमत नसते, त्या अगतिकतेची किंमत असते. ही जाणीव १८३६ च्या लष्करी कारभारालाही होती, आणि म्हणूनच त्याने दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसविला.

छावणीतील बंगले कालांतराने मुलकी लोकांकडे गेले. घेणाऱ्यांनी पैसे मोजले, पिढ्या राहिल्या, बागा वाढल्या; आणि जमीन आपली नाही, ही गोष्ट हळूहळू विस्मरणात गेली. जबलपूरचे शेजारी असलेल्या सागर छावणीतील एका बंगल्याचा वाद १९९९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तेव्हा या जुन्या हुकुमाचाच आधार घेऊन जमिनीवरील सरकारी मालकी मान्य करण्यात आली. छावणीतील घराचे मोल करताना प्रथम हुकूम वाचावा आणि मग भिंती पाहाव्यात, हा धडा एकशेत्रेसष्ट वर्षांनीही शिळा झाला नव्हता.

छावणीच्या पलीकडे मुलकी शहर वाढत होते. १८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे जबलपुरास आली, आणि मार्च १८७० मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग तेथेच तिला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता एकमेकांस जोडली गेली ती जबलपूरमार्गे. रेल्वेच्या पाठोपाठ व्यापार आला. शतकाच्या अखेरच्या चरणात खंदारीच्या जलाशयातून नळाचे पाणी आले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ९०,००० च्या वर गेली होती. नेपिअर टाऊन, राइट टाऊन अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. आता घराच्या किमतीत तुळया आणि कौले यांच्याखेरीज आणखी काही मोजले जाऊ लागले. स्टेशन किती दूर, नळ दारात आहे की चौकात, कचेरीला पायी जाता येते की टांगा करावा लागतो, या प्रश्नांना पैशाचे रूप आले. जागा बोलू लागली.

शहरांतील सरकारी जमीन नझूल म्हणून ओळखली जाते. ती ठराविक मुदतीच्या पट्ट्याने दिली जाई. अशा जागेवरील घर विकत घेणारा खरे पाहता पट्ट्याची उरलेली वर्षे विकत घेत असतो. पाच वर्षे उरलेला पट्टा आणि पंचवीस वर्षे उरलेला पट्टा यांवरील दोन सारखी घरे सारख्या किमतीची कशी असतील? पण भिंतींचा रंग डोळ्यांना दिसतो, पट्ट्याची मुदत कपाटात असते.

शहरात भाड्याने राहणाऱ्यांची संख्या वाढली, तशी मोल करण्याची एक नवी रीत रूढ झाली. ती म्हणजे भाड्याच्या वर्षांवरून किंमत काढणे. समजा, कर आणि दुरुस्ती वजा जाता एका घरापासून वर्षाला ४०० रुपये उरतात. आपल्या पैशावर शेकडा पाच सुटावेत, असे घेणाऱ्याला वाटत असेल, तर तो वीस वर्षांचे भाडे म्हणजे ८,००० रुपये देईल. शेकडा चारवर समाधान मानणारा पंचवीस वर्षांचे, म्हणजे १०,००० देईल. हिशेब सोपा आहे, आणि घासाघिशीला त्याने एक पाया दिला. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४९ मध्ये घरे भाड्याने देण्याविषयीचा नियंत्रण हुकूम काढला. रिकामे झालेले घर सरकारला कळवावे लागे. भाडेकरूला परवानगीवाचून काढता येत नसे. पुढे १९५५ आणि १९६१ मध्ये मध्यप्रदेशाने यासंबंधी स्वतंत्र कायदे केले. या नियंत्रणाने हजारो कुटुंबांना आधार दिला, यात संशय नाही. मात्र त्यामुळे एकाच घराला दोन किमती आल्या. भाडेकरूसह घर घेणारा जुने भाडे विकत घेई, आणि मोकळे घर घेणारा किल्ली. या दोहोंतील अंतर पुष्कळदा इमल्याच्या किमतीहून मोठे असे.

आता खुद्द बोलण्याकडे, म्हणजे सांगणे आणि मागणे याकडे वळू. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची चाल होती. शेजारी उभ्या असलेल्यालाही रक्कम कळत नसे. घराच्या सौद्याला हा आडपडदा चालत नाही, कारण अखेर सारे कागदावर यावे लागते. १८६४ च्या कायद्याने १०० रुपये आणि त्यावरील स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची केली. १८७२ च्या करार कायद्याने प्रस्ताव म्हणजे काय आणि स्वीकृती म्हणजे काय, हे सांगितले. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मध्यप्रांतात प्रारंभापासून लागू होता. मुंबई इलाख्यात तो १८९३ साली आला. म्हणजे पुण्यातील घरमालकापूर्वी दहा वर्षे जबलपूरचा घरमालक या कायद्याखाली आला होता. विक्रीचा नुसता करार झाल्याने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, तो नोंदलेल्या खरेदीखतानेच होतो, हे या कायद्याचे मुख्य सूत्र होय.

परंतु करार तरी केव्हा झाला म्हणावयाचे? विक्रेत्याने किंमत सांगितली आणि घेणाऱ्याने ‘कबूल’ म्हटले, की सौदा पक्का, असे सर्वसाधारण माणसास वाटते. न्यायालयांचे मत तसे नाही. जमैका बेटावरील एका मालमत्तेच्या मालकाला एकाने तार केली : विकता काय, कमीत कमी किंमत कळवा. मालकाने उलट तार केली की कमीत कमी किंमत ९०० पौंड. घेणाऱ्याने लगेच कळविले की ९०० पौंडांना घेतले. १८९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की सौदा झालाच नाही. मालकाने विचारल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. विकतो, असे त्याने म्हटले नव्हते.

असाच प्रसंग आपल्या देशात कूर्गमधील मर्केरा येथे १९४४ मध्ये घडला. बंगल्याचा मालक दूर होता. घेणाऱ्याने मागणी चढवत चढवत ६,००० रुपयांपर्यंत नेली. मालकाची तार आली की १०,००० रुपयांखाली देणार नाही. घेणाऱ्याने ते १०,००० कबूल केले. पण तेवढ्यात दुसऱ्याने अधिक देऊ केले आणि बंगला त्याला गेला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातही करार पूर्ण झाला नव्हता, असेच ठरविले. ‘इतक्याखाली देणार नाही’ म्हणणे आणि ‘इतक्याला देतो’ म्हणणे यांत फरक आहे. पहिले वाक्य दार उघडते. दुसरे वाक्य घरात घेते. घराच्या व्यवहारात शब्द तोलून वापरावेत, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा भेटतो.

तोंडच्या शब्दाला वजन यावे म्हणून आपल्याकडे इसार देण्याची पद्धत आहे. जबलपूरच्या हिंदी बाजारात त्यालाच बयाना म्हणतात. नारळ, पानसुपारी आणि थोडी रक्कम हातावर ठेवली, की दोघेही बांधले गेले, अशी लोकभावना. घेणारा फिरला तर इसार बुडाला, ही त्या शब्दाची किंमत. मात्र बुडवायचे तरी किती? दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १९४९ साली १,१२,५०० रुपयांना ठरला होता. १,००० रुपये इसार म्हणून, आणि पुढे २४,००० रुपये किमतीपैकी म्हणून देण्यात आले. घेणाऱ्याने चूक केल्यास दोन्ही रकमा जप्त, असे करारात होते. सौदा फिसकटला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले की इसाराचे १,००० ठेवून घेता येतील. परंतु २४,००० ही दंडासारखी रक्कम केवळ कागदावर लिहिली आहे म्हणून गिळता येणार नाही. इसार हे वचनाचे चिन्ह आहे, अडकवण्याचा गळ नव्हे, असा याचा अर्थ. अलीकडे, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या इमारतींच्या बाबतीत हेच तत्त्व पुढे नेले आहे. नोंदलेल्या करारावाचून बांधकाम करणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही.

किमतीत आशेचाही वाटा असतो, हे जबलपूरने १९५५-५६ मध्ये अनुभवले. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नव्या मध्यप्रदेशाच्या राजधानीसाठी जबलपूरचे नाव सुचविले. जमिनीचे भाव तेव्हा चढू लागले, अशी आठवण शहरात सांगितली जाते. मग निर्णय फिरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण संपले. नागपूरहून न्यायालयाबरोबर जबलपुरास, आणि सचिवालयाबरोबर भोपाळला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे तोच १८३६ चा प्रश्न उभा राहिला. एका गावी घाईने विकायचे आणि दुसऱ्या गावी घाईने घ्यायचे! छावणीतील अधिकाऱ्यांसाठी निदान लवाद होता. या कारकुनांसाठी आणि वकिलांसाठी ओळखीचा दलाल, आणि आधी जाऊन स्थिरावलेला एखादा नातेवाईक, हाच काय तो पंच.

यानंतरच्या काळात किमतीला आणखी एक विकार जडला. खरी किंमत एक आणि खतातली किंमत दुसरी. मुद्रांक आणि कर वाचविण्यासाठी उरलेली रक्कम कागदाबाहेर दिली जाऊ लागली. सरकारने १९७२ मध्ये अशी मालमत्ता संपादन करण्याचा अधिकार घेतला. १९८६ मध्ये ठराविक शहरांतील मोठे व्यवहार स्वतःच खरेदी करण्याचा अधिकार घेतला, जो २००२ पर्यंत चालला. आता मध्यप्रदेशात जिल्हाधिकाऱ्याचे मार्गदर्शक दर आणि महाराष्ट्रात वार्षिक बाजारमूल्य तक्ते हे मुद्रांकाचा आधार आहेत. परंतु दोन किमतींच्या व्यवहारात खरा धोका घेणाऱ्यालाच असतो. उद्या सौदा मोडला, तर न्यायालय कागदावरची रक्कम पाहते. कागदाबाहेरच्या रकमेला साक्षीदार नसतो.

२२ मे १९९७ च्या रात्री, एक वाजून गेल्यावर, जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला. तीसहून अधिक माणसे दगावली, आणि असंख्य घरांना तडे गेले. त्यानंतर शहरात घर पाहावयास जाणाऱ्यासमोर एक नवा प्रश्न आला. हा ताजा गिलावा कशासाठी केला आहे? १८८२ च्या कायद्याने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले होते. मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास सहज पाहून कळणार नाही, तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे. न सांगणे ही फसवणूक होय. दिसणारा दोष घेणाऱ्याने पाहावा, न दिसणारा देणाऱ्याने सांगावा, अशी ही न्याय्य वाटणी आहे. तडा गेलेले घर विकू नये, असे कायदा म्हणत नाही. तडा सांगून विकावे, आणि किमतीत त्याचा हिशेब व्हावा, एवढेच तो म्हणतो.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र दिसते. घराची रास्त किंमत कोणत्याही सरकारला कायमची ठरवून देता आलेली नाही, आणि तसे होणे शक्यही नाही. नियमांनी केले ते इतकेच, की जे बोलले जात नव्हते ते बोलावयास लावले. जमीन कोणाची, पट्टा किती वर्षांचा, आत कोण राहतो, भिंतीत काय लपले आहे, दिलेला पैसा इसार की किमतीचा हप्ता, हे सारे आधी सांगितले गेले म्हणजे उरलेली घासाघीस ही दोन समंजस माणसांची गोष्ट राहते. जुन्या खरेदीखतावर शेजाऱ्याची साक्ष घेत, तीही याचसाठी. घर घेणारा भिंती आणि छप्पर तर घेतोच. त्यांच्याबरोबर तो तो शेजारही घेतो, आणि विकून गेलेल्या माणसाचे नाव पुढे पुष्कळ वर्षे त्या गल्लीत घेतले जाते.